म्हातारी आणि जावई

वितळलेल्या धातूचे अणू कसे हलतात, याची गणितं आमचा संशोधन गट करायचा. ती चालवणारे चौसष्ट कॉम्प्युटर तळघरात लोखंडी घडवंच्यांवर मांडलेले होते. त्या सगळ्या पसाऱ्याला आम्ही म्हातारी म्हणायचो. तिला सांभाळणारे तंत्रज्ञ म्हणजे काका. बारा वर्षं त्यांनी तिचे पंखे बदलले, धूळ झाडली, भंगारातून सुटे भाग आणून तिला लावले. माझा तीन वर्षांचा प्रबंध तिच्याच जिवावर उभा होता.

मग वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत नवं मशीन आलं. एकच काळं कपाट आणि ते सांभाळायला एक इंजिनियरबाई. काकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘जावई’ ठेवलं.

“जावयाला दोन-दोन एसी! घरच्या म्हातारीला टेबलफॅन,” असं ते मला रोज ऐकवायचे. आमचे गटप्रमुख सर वर गेले की यांच्या पोटात दुखायचं. मीही काही साधू नव्हते. जावयावर माझा नंबर शेवटचा होता. मी ज्या उत्तरासाठी म्हातारीपाशी तीन आठवडे थांबायचे, ते इतरांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत मिळायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा बाईंनी माझं एक जुनं गणित जावयावर चालवून पाहिलं. उत्तर वेगळंच आलं. काकांना आभाळ ठेंगणं झालं.

“सर, मी सांगत नव्हतो? नवं म्हणजे सगळं बरोबरच असतं का?” भर बैठकीत ते म्हणाले. “बाहेरच्या तिसऱ्या मशीनवर चालवा. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!” मी जोरजोरात मान डोलावली.

चार दिवसांनी तिसरं उत्तर आलं. ते जावयाशी जुळलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

काका तडक तळघरात गेले. मी मागोमाग. त्यांनी एक्केचाळिसाव्या डब्याचं झाकण काढलं आणि मेमरीची पट्टी उपसली.

“ही भंगारातली. दोन वर्षं झाली लावून. चुका होतात म्हणून डबा सारखा बीप करायचा.”

“मग?”

“बीपची वायर कापली मी. सांगितलं असतं तर हिला मोडीत काढली असती गं.”

माझ्या तीन वर्षांतली दोन गेली होती. “तुमच्या म्हातारीपायी माझं वाटोळं केलंत,” मी तोंडावर म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, जावई आल्यापासूनच्या आठ महिन्यांत पहिल्यांदा, ते जिना चढून काचेच्या दारापाशी उभे राहिले. “बाई, चूक माझी आहे. या पोरीला पहिला नंबर द्या,” म्हणाले. बाईंनी लगेच दिला.

माझी दोन वर्षांची गणितं सहा दिवसांत संपली. सातव्या दिवशी काका जिन्यात भेटले.

“झालं का गं?”

“कुठलं, काका! जावयाला अजून महिना तरी लागेल.”

“तरी मी म्हणत होतो!” ते पटकन बोलून गेले, आणि मग माझ्याकडे बघायलाच तयार होईनात.