गांधीलमाशी चावली म्हणून सांगा

ती दुपार आठवली की अजूनही माझं डोकं भणभणतं, आणि ते शांत व्हावं असं मला वाटतही नाही.

मी धाराशिवात प्राथमिक शाळेवर शिकवते. भाऊ-वहिनी भूमला असतात. शनिवारची सकाळची शाळा सुटून घरी आले, चप्पल काढते तोच वहिनीचा फोन आला. "ताई, पोरीला गांधीलमाशी चावली. इथल्या डॉक्टरनं सुई दिली, गोळ्या दिल्या, पर सूज उतरंना. तिला घेऊन निघालेच, तुमच्याकडच्या डॉक्टरला दाखवू."

स्टँडवर दोघी जीपमधून उतरल्या. भाचीनं डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळला होता. रिक्षात बसल्यावर मी तो सोडायला लावला. वरचा ओठ सुजला होता, ते समजण्यासारखं होतं. पण ओठाच्या उजव्या बाजूपासून नाकपुडीपर्यंतची कातडी पांढुरकी पडली होती आणि तिच्यावर जांभळी जाळी उमटली होती. मी बोट लावलं तर ती गार लागली. वहिनी थर्मासातला बर्फ रुमालात घेऊन पुन्हा तिच्या तोंडाला लावायला लागली, तशी पोर कळवळली.

"कुठं चावली ही माशी?" मी विचारलं.

"वट्यावर बसली हुती, तितं," वहिनीच बोलली. भाची रस्त्याकडं बघत राहिली.

मी त्यांना थेट कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई. त्यांनी त्या डागावर बोट दाबलं, उचललं आणि नुसतं बघत राहिल्या. दाबलेली जागा पांढरी ती पांढरीच राहिली. मग त्यांनी दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतंय का ते तपासलं. "ओठात काही भरून घेतलंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय न्हाय, माशी चावली," वहिनी म्हणाली आणि भूमच्या डॉक्टरचा कागद पुढं केला. त्यावरही तेच होतं. गांधीलमाशी चावली, चेहऱ्याला सूज.

भाचीनं मोबाइल उघडून टेबलावर ठेवला. त्यात ओठात भरायच्या जेलच्या एका छोट्या खोक्याचा फोटो होता. शेजारी सुई. स्टेटसला टाकायला म्हणून काढलेला, आणि मग टाकायचा राहून गेलेला.

सगळं नीट मला नंतर कळलं, ते असं. मुलाकडचे बघून गेले होते. पसंती झाली, साखरपुडा ठरला. जाता जाता मुलाच्या आत्यानं चहाचा कप खाली ठेवत म्हटलं होतं, "पोरगी लई चांगली हाय. ओठ तेवढे पातळ हायेत, फोटूत दिसतच न्हाईत." एवढंच. एका बाईचं एक वाक्य. माझी भाची बीएस्सी झालेली, शेतातली मोटार स्वतः खोलून दुरुस्त करते, आणि तिच्या आईला त्या दिवसापासून तिचे दोन ओठच दिसायला लागले. गावात एक पार्लरवाली कुठूनसा कोर्स करून आली होती. तिनं आदल्या दुपारी ओठ भरून दिले. ओठ भरले म्हणे! भिंतीच्या भेगा भरतात, दाढा भरतात, तसे पोरीचे ओठ भरले. घरी येईस्तोवर दुखायला लागलं, तर पार्लरवाली फोनवर म्हणाली, "पहिल्यांदा असंच होतंय, बर्फ लावा." नंतर तिनं फोनच बंद केला. भरायची सुई तिच्याकडं होती, भरलेलं उतरवायचं औषध नव्हतं. जीप चालवायला घ्यायची आणि तिला ब्रेकच बसवायचा नाही, तशातला प्रकार.

आणि भूमच्या डॉक्टरकडं जाताना वहिनीनंच पोरीला बजावलं होतं, "गांधीलमाशी चावली म्हणून सांगायचं. गावभर व्हायला नको."

"आधी तो बर्फ फेका," डॉक्टर म्हणाल्या. "बर्फानं शिरा आणखी आवळतात." त्यांनी सांगितलं ते असं. भरलेल्या जेलनं रक्ताची वाट अडवली होती. ती लवकर मोकळी झाली नाही तर तेवढी कातडी मरणार, काळी पडणार, खड्डा पडणार. "हा जेल विरघळवणारं एन्झाइम माझ्याकडं आहे. हायल्युरोनिडेज. ते भरायच्या सगळ्याच जेलवर चालत नाही, याच्यावर चालतं. फोटो होता म्हणून कळलं." त्यांनी फ्रिजमधून बाटली काढली, सलाइन घातलं, सुई भरली. आणि तो कागद पुन्हा वाचून हात थांबवला.

"मधमाशी, गांधीलमाशी ज्यांना उलटते, त्यांना हे औषधही उलटू शकतं. जीवावर बेतू शकतं. इथं लिहिलंय, माशी चावून तोंड सुजलं. तसं असेल तर मी हे इथं एकटीनं देणार नाही, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात जा. म्हणून आता खरं सांगा. माशी चावली होती की नाही?"

"सोलापूरला पोचेपर्यंत काय?" मी विचारलं.

"तोवर रक्त अडलेलंच राहील."

मी वहिनीकडं बघितलं. एका शब्दाचं काम होतं. पण तपासायच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता, आणि पडद्याबाहेरच्या बाकावर मुलाच्या गावची एक बाई नंबर लावून बसली होती. येताना वहिनीनं तिला ओळखलं होतं, नमस्कारही केला होता. वहिनीनं पडद्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "भरलंय तसं थोडंसं," आणि मग मोठ्यांदा, "पर माशी बी चावली की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात मी वहिनीवर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी दवाखाना दणाणला. "वहिनी, तुमच्या पोरीचं तोंड सडायला लागलंय आणि तुम्ही बाकावरच्या बाईला ऐकवताय? तिच्या नाकाला खड्डा पडल्यावर काय सांगणार, तिथं पण माशी चावली?"

वहिनी पदर तोंडाला लावून उभी राहिली.

बोलली ती भाची. सुजल्या ओठातून शब्द धड निघत नव्हते, पण पडद्यापलीकडं जाईल एवढ्या आवाजात बोलली. "न्हाय चावली. ल्हानपणी मळ्यात दोनदा चावली हुती, तवा बी कायच झालं न्हाय. ह्ये म्या ओठ भरून घेतल्यानं झालंय. द्या तुमी औषध."

डॉक्टरांनी तरीही ॲलर्जी उठली तर लागणारी औषधं हाताशी मांडली आणि मगच सुई उचलली. डागाच्या सगळ्या भागात थोडं थोडं औषध टोचलं, बोटांनी चोळलं, माझ्याकडं गरम फडकं दिलं. भाचीनं माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली. थांबलो. डॉक्टर पुन्हा दाबून बघत, मान हलवत. पुन्हा टोचलं, पुन्हा थांबलो. मी शिव्या देत होते, मनातल्या मनात, त्या आत्याला, त्या पार्लरवालीला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वहिनीला.

ऊन कलल्यावर एकदा डॉक्टरांनी बोट उचललं आणि पांढऱ्या जागेत हळूहळू गुलाबी रंग भरत गेला. "आलं रक्त," त्या म्हणाल्या. मला तिथंच रडू फुटलं.

जाळी फिकी पडत होती. कडेचा एक ठिपका तेवढा काळसर राहिला, त्याची खपली धरेल, डाग राहील न राहील, असं डॉक्टर म्हणाल्या. रोज दाखवायला या म्हणाल्या. त्यांनी भाचीच्या हातात आरसा दिला. सूज अजून होती, पण तिच्याखाली तिचा स्वतःचा ओठ परत दिसायला लागला होता.

वहिनी इतका वेळ मुसमुसत होती. मला वाटलं, सुटकेनं. तिनं डोळे पुसले, डॉक्टरांच्या जवळ गेली आणि हलक्या आवाजात विचारलं, "डाक्टरीणबाई, मग साखरपुड्याच्या आदी पुन्हा भरता येतील का?"

भाचीनं आरसा टेबलावर पालथा ठेवला आणि ओठांवर हात धरला. मी तो हात बाजूला करायला गेले, तर तिनं तो आणखी घट्ट दाबून धरला.