नजरेचं माप

माझ्या वहिनीला लोक फिटिंगवाल्या बाई म्हणतात आणि ते ऐकून ती बक्षीस मिळाल्यासारखी फुलते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान. एक शिलाई मशीन, एक इंटरलॉकचं, कापायचं लांब टेबल आणि दाराजवळ उभा आरसा. आरशासमोर आलेल्या बाईला ती टेप लावायच्या आधीच सांगून टाकते, "उजवा खांदा उतरता आहे तुमचा. आणि कमरेत वाढलात." टेप नंतर लावते, ती नुसती खात्रीला. बरोबरच निघतं, काय करणार! एकदा दवाखान्यात आमचा नंबर यायची वाट बघत बसलो होतो, तर तिथल्या डॉक्टरीणबाईंना हिने कोटाची बाही आखूड झाल्याचं ऐकवलं. मी लगेच खिडकीबाहेर बघायला लागले. फटकळ आहे पण मनात काही नसतं तिच्या, असं आम्ही सगळे म्हणायचो. बोलणाऱ्याच्या मनात काही नसलं की ऐकणाऱ्याला लागत नाही, असा आमचा समज.

मी तिची थोरली नणंद. वरच्या मजल्यावर एकटी राहते, कामावरून आले की चहाला खाली उतरते. माझा भाऊ ट्रक चालवतो, म्हणजे स्वतःच्या घरी पाहुण्यासारखा येतो. राहिली त्यांची एकुलती एक मुलगी, टिल्ली. जन्मली तेव्हा इवलीशी होती म्हणून हे नाव पडलं. चौदाव्या वर्षी ती आईपेक्षा उंच झाली तरी ते काही सुटलं नाही.

ती उंची तिला एका वर्षात आली. अंगानेही भरली. आणि त्याच वर्षी पोरगी गप्प झाली. आधी शाळेतून आली की दारातच तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, कोण कोणाशी भांडलं, कोणत्या सरांनी कोणाला बाहेर काढलं. आता दप्तर टाकायचं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावायचं. भर उन्हाळ्यात बापाचा जुना स्वेटर घालून बसायची. शाळेचे शर्ट शिवायला घेतले तेव्हा म्हणाली, "आई, दोन नंबर मोठे शीव." वहिनीला वाटलं, वाढत्या अंगाचा विचार करते आहे. शहाणी झाली म्हणून कौतुकही केलं. महिन्याभरात पुन्हा शर्ट पुढे केले, अजून सैल हवेत म्हणाली.

"वयच असं असतं," मी म्हटलं. वय हा फार सोयीचा शब्द आहे. तो एकदा म्हटला की पुढे काही विचारावं लागत नाही.

वहिनीला मात्र ते खुपायला लागलं. "फिटिंगवालीची पोरगी आणि पोतं घालून हिंडते! लोक म्हणतील, दिव्याखालीच अंधार, ही बाई शिवते तरी काय?" एका रविवारी टिल्ली माझ्याकडे अभ्यासाला आली, तेवढ्यात हिने तिचे सगळे शर्ट उसवले, अंगाबरोबर बेतले, जास्तीचं कापड कापून टाकलं, कडेने इंटरलॉक मारलं आणि इस्त्री करून कपाटात टांगले. पोरीला सकाळी बघून आनंद होईल, असं तिला खरंच वाटत होतं. प्रेमाने केलं होतं हो तिने. त्याचाच राग येतो मला.

सोमवारी सकाळी आरडाओरडा वरपर्यंत ऐकू आला. मी खाली आले तर टिल्ली नवा शर्ट घालून जमिनीवर बसलेली, दोन्ही हात छातीशी घट्ट.

"मी नाही जाणार."

"का नाही जाणार? काय वाईट आहे यात? किती छान दिसतेस!"

"मला छान दिसायचंच नाहीये! आधीसारखे कर."

"कापड कापलंय मी. आता नाही सैल होत."

स्वेटर शोधायला ती उठली, तर तो वहिनीने धुवायला भिजत घातला होता. त्या दिवशी चाचणीचा पेपर होता. शेवटी वहिनीने हाताला धरून तिला शाळेच्या बसमध्ये चढवलं. टिल्लीने दप्तर पुढून छातीशी धरलं होतं.

दुपारी ती घरी आली आणि त्यानंतर शाळेत गेलीच नाही. आज पोट दुखतंय, उद्या डोकं. वहिनीने समजावलं, रागावली, रडली, भावाला फोन लावून दिला. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आईने वाढलेलं ताट तसंच परत यायचं, मी वर बोलावलं की चार घास खायची. शाळेतून निरोप आला, हजेरी अशीच राहिली तर वर्गात बसवणार नाही, वर्ष वाया जाईल. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता आणि कारण कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळलं दुकानात. एक गिऱ्हाईक बाई आरशासमोर उभी होती. वहिनीने तिच्याकडे एक नजर टाकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मागून जड झालात हो. जुनं माप नाही चालायचं." बाई ओशाळून हसली. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि टिल्ली बाहेर आली. डोळे सुजलेले, हातात फोन.

"तेपण अस्संच करतात," ती म्हणाली. "तू करतेस ना, तसंच. नुसतं बघून मापं घेतात. त्यांच्याकडे टेप नसते, एवढंच."

फोन आईच्या हातात कोंबून ती आत गेली. गिऱ्हाईक बाई कापड टेबलावर ठेवून, नंतर येते म्हणत सटकली. मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी.

वर्गातल्या मुलांनी वर्षाच्या सुरुवातीपासून फोनवर एक ग्रुप चालवला होता. मुलींचे चोरून काढलेले फोटो आणि त्याखाली दहापैकी मार्क. त्यात काही मुलीही होत्या, आपला नंबर लागू नये म्हणून दुसरीला मार्क देणाऱ्या. टिल्लीची बेंचवरची मैत्रीणही. इतके दिवस सैल शर्टात ती वाचली होती. सोमवारी नाही वाचली. फळ्यासमोर उभी असतानाचा, पाठीमागून काढलेला फोटो आणि खाली आकड्यांची रांग.

संध्याकाळी वहिनी वर आली, माझ्या पलंगाच्या कडेला बसली.

"ताई, तो फोटो बघितल्यावर मला पहिल्यांदा काय दिसलं सांगू? खांद्याची शिवण. कशी बरोबर बसली होती, ते. मग दिसली माझी पोरगी." आणि तिने पदराने तोंड दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मुलांना समज देऊ, ग्रुप बंद करायला लावू म्हणाल्या. मग हळूच पुढे, "वय असतं हो. आणि त्या दिवशी शर्टही जरा अंगासरसा होता, नाही का? कशाला राईचा पर्वत करायचा?" वहिनी एरवी कोणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण शर्ट तिचाच होता. ती खाली मान घालून बसली. मी नाही बसले. "तुमच्या शाळेत मार्क गणिताला देतात की शर्टाला?" असं विचारलं आणि आणखीही पुष्कळ बोलले. मुलांना दोन दिवस घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी ती मुलं वर्गात हजर, आणि माझी भाची महिना उलटला तरी घरातच. ग्रुप बंद झाला म्हणे. दुसरा उघडायला कितीसा वेळ लागतो!

शेवटी एका रात्री जेवताना वहिनीने टिल्लीला विचारलं, "किती सैल हवा?" टिल्लीने मान वर केली नाही, फक्त दोन्ही हात अंगापासून लांब धरून दाखवले. वहिनी तिच्या अंगाकडे न बघता हातांकडेच बघत राहिली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तिने नवं कापड आणलं आणि शर्ट शिवला. पाठीला प्लेटची सैल चुणी, खांदे खाली आलेले, बाही कोपराच्या पुढे. दुसऱ्या कोणी असला शर्ट दाखवला असता तर तिने त्या शिंप्याचा उद्धार केला असता.

सोमवारी टिल्ली तो घालून आरशासमोर उभी राहिली. पुढून बघितलं, वळून पाठीमागून बघितलं, पुन्हा पुढून.

"आई, दिसतंय का काही?"

"काही नाही दिसत," वहिनी म्हणाली.

टिल्ली हसली. किती दिवसांनी हसली! दप्तर उचललं, खांदे पुढे ओढून, थोडी वाकूनच बसकडे चालायला लागली. मला एवढं बरं वाटलं की मी वहिनीचा हात धरला.

"चला, गेली बाई एकदाची."

वहिनीने हात सोडवून घेतला. बस वळेपर्यंत ती दारातच उभी होती.

"इतकी वर्षं शिवते ताई, घालणारं माणूस उठून दिसावं म्हणून. आज पहिल्यांदा दिसूच नये म्हणून शिवलं," ती म्हणाली. "आणि पोरगी खूश झाली हो."