दोनशे तुकडे आणि माझी कात्री

माझे मालक, सावळीराम. तीस वर्षं पिंपळगावच्या द्राक्षबागांची छाटणी केली त्यांनी. कात्री हातात आली की जेवायला सुद्धा उठायचे नाय. आणि गेल्या दिवाळीत लकवा मारला तो नेमका उजव्या हाताला! देवाचे डोळे फुटले होते का?

व्यायाम शिकवायला येणारी तेजस्विनी ताई म्हणाली, "काका, बोटं हलवली नाहीत तर हात कायमचा असाच राहील. बारीक कामं करा, उजव्याच हातानं." आमच्या नातीनं, दिशानं, लगेच तिचं पझल आणून दिलं. तिच्या लाडक्या कार्टून सिनेमातला देखावा. हत्तीचं पिल्लू आईच्या पाठीवर बसून नदी ओलांडतंय. पुठ्ठ्याचे दोनशे तुकडे.

एक तुकडा बसवायला अर्धा तास. नाय बसला की पझलचा चौरंग ढकलायचा अन् माझ्यावर खेकसायचं. "मी काय बालवाडीत हाय का?" मी ऐकून घेते होय? "मग पडून राहा म्हशीवानी!" दोन महिने हेच. शेजारच्या सुलाबाईची तर फुकटची करमणूक.

नदीचे तुकडे सगळे निळे, एकसारखे. त्या दिवशी सकाळभर एकही बसेना. मालक रडकुंडीला आले अन् तसेच झोपून गेले. माझ्या जिवाला लागलं ते. मी द्राक्षं डब्यात भरायला पॅकहाऊसला जाते. तिथं घड डब्यात बसत नसला की आडवे आलेले मणी कात्रीनं उडवायचे, मग घड गपगुमान बसतो. हाताला तीच सवय. मी सहा तुकड्यांची टोकं छाटली अन् परत ढिगात टाकली.

दुपारी उठून बसले. पहिला तुकडा पटकन बसला. दुसराही. तिसरा मात्र त्यांनी डोळ्याजवळ धरला.

"मंगले, ही कड कापलेली हाय."

"छे! मुळातच तशी असंल."

"तीस वर्षं मजुरांचे काप तपासलेत मी, मला शिकवते? लाज नाय वाटत फसवायला? मला दया नको तुझी!"

"मग काय तुमचं रडणं बघत बसू?"

"आण ती कात्री! अन् द्राक्षाचं खोकं आण. मीच करतो नवे तुकडे."

माझंही डोकं फिरलं. दोन्ही आणून आदळलं समोर. "घ्या! कापा काय कापायचं ते!"

डाव्या हाताखाली खोकं दाबलं अन् लागले कापायला. प्रत्येक कापाला मला एक शिवी. मी पण तोंडाला तोंड देत होते, अन् बोलता बोलता माझी नजर त्यांच्या हातावर गेली. कात्री उजव्या हातात होती. बोटं थरथरत होती, पण उघडत होती, मिटत होती. त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

मी गप्प झाले असते तर ध्यानात आलं असतं अन् हात थांबला असता. म्हणून डोळे पुसले अन् आणखी मोठ्यानं ओरडले, "वाकडं कापताय! जमत नाय तर सोडा!"

"तू तोंड बंद कर," म्हणाले, अन् पुढचा काप घेतला.