लॅपटॉप अडतो की बाबा

बाबा लॅपटॉपचं बटण दाबायचे आणि परडी घेऊन फुलं काढायला जायचे. जास्वंद, तगर, अनंत, शिवाय शेजाऱ्यांच्या दगडी गडग्यावरून आमच्याकडे वाकलेली चाफ्याची फांदी, एवढं सगळं उरकून परत यायचे तेव्हा पडद्यावर ते गोल चक्र अजून फिरतच असायचं. मग ते पूजा करायचे. पूजा आटोपून, गंध लावून खुर्चीत येऊन बसले की लॅपटॉप कसाबसा जागा झालेला असायचा.

"हो माज्यापेक्षा जास्त झोपता," बाबा लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणायचे.

लॅपटॉप मुळात माझा. पहिल्या नोकरीत हौसेने घेतलेला. पुढे कुडाळच्या ऑफिसात मला नवा मिळाला आणि हा जामसंड्याला आमच्या घरी पेन्शनीत आला. बाबा शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले, त्यामुळे दोघांची जोडी छान जमली. बाबांना त्यावर ना बातम्या वाचायच्या असत, ना कुणाला पत्रं लिहायची असत. त्यांचं काम एकच. रविवारी सकाळी दहा वाजता बांद्याच्या काकांशी बुद्धिबळ खेळणं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दोघे चड्डीत होते तेव्हापासून एकमेकांशी खेळत आलेत. पूर्वी गणपतीला किंवा जत्रेला भेटले की आरती आधी की डाव आधी यावरून घरात वाद व्हायचे. मग दोघांचेही गुडघे कुरकुरायला लागले, बांदा-जामसंडे येणंजाणं कमी झालं, तेव्हा काकांच्या मुलाने दोघांना इंटरनेटवर खेळायला शिकवलं. तिथे प्रत्येकाला पंधरा मिनिटं मिळतात. आपली पाळी आली की आपलं घड्याळ चालू होतं आणि ते संपलं की माणूस हरला, मग पटावर त्याचा वजीर कितीही ऐटीत उभा असो.

आणि बाबा हरत होते. दर रविवारी, घड्याळावर. घोडा उचलायला माऊस दाबावा तर घोडा ढिम्म. पडदा गोठलेला, सेकंद मात्र पळतायत. "चल रे, चल मेल्या!" बाबा खुर्चीतून अर्धे उठून ओरडायचे. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "मांजर इला काय?" शेवटी घोडा हलायचा तोवर खेळ खलास. मग काकांचा फोन.

"काय दादा, परत लॅपटॉप अडाकलो?" आणि बांद्याहून गडगडाटी हसणं.

एका रविवारी काकांना जरा जास्तच चेव आला. "दादा, खरां सांग, म्हातारो कोण झालो? लॅपटॉप की खेळणारो?" फोन स्पीकरवर होता. आई हसली, मीही हसले. बाबा हसले नाहीत.

दुपारी जेवणं झाल्यावर पडवीत बसलो होतो. मी बडीशेप चघळत होते आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. बाबा एकदम म्हणाले, "तुका खरां सांगू? हल्ली माकाच समजणा नाय, अडाकता कोण. तो की मी."

बडीशेप माझ्या तोंडातच राहिली. कारण मलाही तेच वाटत होतं आणि मी ते मनाच्या पार तळाशी ढकलून ठेवलं होतं. बाबा चष्मा शोधत घरभर फिरायचे. एकच गोष्ट दोनदा विचारायचे. फोनवर बोलताना एखादं नाव आठवत नसलं की हवेत बोटं फिरवायचे. प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगायची, वय झालं की व्हायचंच. पण मला भीती वाटायची.

भीती वाटली की मी काहीतरी विकत आणते. हा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही. म्हणून मी जाहीर केलं, "बाबा, लॅपटॉपची रॅम बदलू या."

रॅम म्हणजे काय, ते मी मोठ्या अभिनिवेशाने समजावलं. लॅपटॉपचा हा ओटा समजा. ओटा लहान असला तर एक भांडं ठेवायला दुसरं उचलून मांडणीत ठेवावं लागतं आणि अर्धा वेळ त्या उचलाउचलीतच जातो. मेमरी वाढवली की ओटा मोठा होतो, सगळं हाताशी राहतं. आईला हे एकदम पटलं. "मगे माका पण एक मोठो ओटो होयो," ती म्हणाली, आणि विषय तिच्या ओट्याकडे वळला तो बराच वेळ तिथेच राहिला.

बाबा मात्र दुसराच विचार करत होते. "नवीन मेमरी घातली की हो अडाकचो नाय?"

"नाही अडणार."

"आणि तरी मी हरलंय तर?"

मी बडीशेपेच्या डबीचं झाकण लावत बसले.

"मगे दोष लॅपटॉपाचो नाय. मगे पट बंद. बस्स झाला," बाबा म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले. बाबा बोलतात तसंच करतात. चहातली साखर सोडली तेव्हाही असेच दोन वाक्यांत सोडली होती.

कुडाळच्या दुकानदाराने खोक्यांच्या ढिगात हात खुपसून रॅमची एक छोटी हिरवी पट्टी काढली. "ह्या जातीची आता येणा नाय. ही एकच उरली आसा. लॅपटॉप हाडा, बसवून देतंय." बाबा लॅपटॉप घराबाहेर पाठवायला तयार नव्हते आणि मला तर स्वतःच बसवायची होती. एका व्हिडिओत मी बघितलं होतं, एक सुबक नखांचा माणूस हसत हसत चुटकीसरशी रॅम बसवतो. माझी नखं त्याच्याइतकी सुबक नाहीत, पण बाकी मला काही कमी वाटत नव्हतं. शनिवारी घरी येताना देवगडच्या एस.टी.त ती पट्टी मी मांडीवर अशी धरून बसले होते की शेजारच्या बाईंनी विचारलं, "देवाचा काय आसा?"

घरी बाबांनी ती पाकिटातून काढून उजेडात धरली. खालच्या कडेला पिवळ्या धमक दातांची ओळ होती. "सोन्याचे काय गो?" "मुलामा असतो बाबा, सोन्याचा." बाबांनी ती आदराने परत पाकिटात ठेवली आणि पाकीट देवाच्या कोनाड्यात ठेवलं.

रविवारी सकाळी चहा झाल्याबरोबर टेबलावर जुनं पातळ पसरलं. आईच्या शिलाई मशीनच्या खणातून छोटा स्क्रू ड्रायव्हर आला. मी बॅटरी काढली, स्क्रूला हात घालणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "थांब." गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे विहिरीला पंपसुद्धा बसत नाही. बाबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यां माजा चेडू लॅपटॉपाचा पोट उघडता आसा. तेच्या हातान काय वाकडा-तिकडा झाला, तर तां सरळ कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई आणि मी.

"आणि बांद्याक जो बसलो आसा, तेचो वजीर आज माका गावांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी इतक्या जोरात ओरडले की गडग्यापलीकडून कुत्रं भुंकलं.

झाकण उघडलं. आत धुळीची गादी, मेलेल्या मुंग्या आणि कोपऱ्यात पालीच्या अंड्याचं रिकामं टरफल. "म्हणजे वस्ती होती," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. जुनी पट्टी दोन्ही बाजूंच्या चापांतून सहज सुटली. नवी तिरकी घातली, दाबली, टक्. काय सांगू, त्या टक् आवाजाने मी हवेतच गेले. आपण डॉक्टर व्हायला हवं होतं, असं मला वाटलं. बॅटरी लावली, बटण दाबलं.

पीं, पीं, पीं.

"व्हय म्हाराजा!" आतून आई.

तिला वाटलं गाऱ्हाणं अजून चालू आहे. मी हसून हसून जमिनीवर बसले. पण पडदा काळा तो काळाच. परत बटण, परत पीं, पीं, पीं. आता आई काही बोलली नाही. जुनी पट्टी घालून बघितली तर लॅपटॉप नेहमीसारखा डुलत डुलत चालू झाला. नवी घातली की पीं पीं. म्हणजे नवीच बिघडलेली, आणि कुडाळात ती एकच उरली होती.

"ऱ्हवांदे," बाबा हळूच म्हणाले. "आज खेळूक नको."

त्यांच्या आवाजात सुटका होती. मला ती स्पष्ट ऐकू आली. बाबांना हरायची भीती नव्हती, हरायची त्यांना चांगली सवय होती. ते का हरतात हे कळेल, याची भीती होती.

पट्टी काढताना ती माझ्या बोटांतून निसटली. पुन्हा धरली, पुन्हा सुळकन. बोटं चोळून बघितली. नाकाशी नेली. खोबरेल!

"बाबा?"

बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. "काल मी वायंच तेलाचो हात फिरवलंय. खारो वारो, गो. तू सोन्याचो मुलामो म्हणालंस. म्हटलंय, गंज लागात."

आता यात त्यांचं काय चुकलं? समुद्रावरचा वारा आमच्या घरात सगळं खातो. कड्या, कुलपं, विळी, अडकित्ता, छत्रीच्या काड्या, शिलाई मशीन, सगळ्यांना महिन्यातून एकदा खोबरेलाचं बोट लागतं, आणि त्यावर ती टिकतात. घरात नवी वस्तू आली, देवाला दाखवली आणि तेल लावलं. इतकं लाडाने आणि इतकं चुकीचं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. मला हसू फुटलं, मग बाहेर आलेल्या आईला, आणि शेवटी बाबांनाही. तिघं टेबलाला धरून हसत होतो आणि टेबल डगमगत होतं.

बाबांच्या साखर तपासायच्या पेटीत स्पिरिटचा कापूस असतो. त्याने ते सोनेरी दात पुसले, सुकू दिले. मग बाबांनी आपल्या जुन्या शाळेच्या पिशवीतून खोडरबर काढला आणि पोरांच्या वह्या तपासाव्यात तसे ओठ मुडपून एक एक दात घासला. पुन्हा स्पिरिट, पुन्हा फुंकर. पट्टी आत. टक्. बटण.

एकही पीं नाही. लॅपटॉपने बटण ऐकलं म्हटल्यावर बाबांनी सवयीने परडी उचलली आणि पायऱ्या उतरले. दोन जास्वंदी तोडून होतात न होतात तोच मी किंचाळले, "बाबा, चालू झाला!" ते तसेच परतले, एक फूल परडीत, एक हातात. "इतक्यात?" असं म्हणून त्यांनी ते हातातलं फूल लॅपटॉपवरच ठेवलं.

दहाला डाव सुरू झाला. बाबांनी प्यादं उचललं आणि ठेवलं, ते लगेच बसलं. "उचललो की पडता गो!" ते ओरडले. घोडा, उंट, हत्ती, टकाटक. बाबा खुर्चीत नाचत होते. इकडे काकांची खेळी यायची, तिकडे बाबांची गेलेली असायची. आई बांगडे साफ करायचे सोडून ओले हात वर धरून मागे उभी होती. मी कधी पडदा बघत होते, कधी बाबांची मान, आणि मनात एकच धोशा चालला होता, आज जिंकू दे, एकदाच जिंकू दे.

शह. बाबांनी राजा सरकवला. परत शह. आणि मग काकांचा हत्ती शेवटच्या रांगेत येऊन बसला. मात.

लॅपटॉप अजिबात अडला नव्हता. बाबांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी पडद्याकडे बघत राहिले, आणि माझी नजर दोन घड्याळांवर गेली. काकांच्या घड्याळात जेमतेम काही सेकंद उरले होते. बाबांच्या घड्याळात निम्म्याहून जास्त वेळ शिल्लक होता.

"बाबा," मी म्हटलं, "घड्याळ बघा."

त्यांनी चष्मा नीट केला. वाकून बघितलं. तेवढ्यात फोन वाजला. काका धापा टाकत होते. "दादा, काय ह्यां! माका घाम फुटलो! तुजो लॅपटॉप अडाकलो की मी निवांत विचार करूचंय. आज श्वास घेवक दिलंस नाय. काय बिगीन खेळतंस!"

"म्हणजे मी हळू खेळणंय नाय?" बाबांनी विचारलं. आवाज एकदम लहान.

"हळू? तू हळू कधी होतंस?"

"हे आदीपासून असेच," आई मागून म्हणाली. "बघूचां नाय, समजूचां नाय, उचलूचां आणि ठेवूचां. लग्नाच्या वर्साक तरी काय वेगळा होता? तेव्हा पण वजीर फुकट देवन बसत."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे मी पयल्यापासून वायट खेळतंय?"

"पयल्यापासून!" फोनमधून काका आणि मागून आई, दोघं एकाच वेळी.

बाबा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी चष्मा काढला. मला इतका आनंद झाला की मी आईचे मासळीचे ओले हात धरून तिला गरागरा फिरवलं. माझे बाबा तरतरीत होते. माझे बाबा विजेसारखे चपळ होते आणि बुद्धिबळात अगदी ढ होते, विशीत होते तितकेच.

"मग पट बंद?" मी विचारलं.

"कित्याक? इतकी वर्सां वायट खेळलंय, आता काय सुधारतलंय?" त्यांनी चष्मा परत चढवला आणि फोनमध्ये ओरडले, "ठेव तो फोन! दुसरो डाव मांड!"

तो डाव बाबा आणखी लवकर हरले.