डाव्या पानावरचं आउटपुट

आमच्या मुलीने बीएस्सी आयटीला प्रवेश घेतला तेव्हा मी मनातल्या मनात बरंच काय काय रंगवलं होतं. पण कॉम्प्युटर शिकणारी पोर जेवणाच्या टेबलावर बसून पट्टी-पेन्सिलीने कॉम्प्युटरचा स्क्रीन काढेल, असं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कपाळ माझं! लॉकडाउनमध्ये हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप शेजारी उघडा, आणि ही चौकट आखतेय, चौकटीत रकाने पाडतेय, रेघ वाकडी गेली की खोडतेय.

ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. या कोर्सला प्रॅक्टिकलची जाडजूड वही असते, तिला जर्नल म्हणतात. उजव्या पानावर प्रोग्रॅम हाताने लिहायचा. डाव्या कोऱ्या पानावर त्याचं आउटपुट, म्हणजे प्रोग्रॅम चालवल्यावर स्क्रीनवर जे दिसतं ते, पेन्सिलीने काढायचं. प्रिंट काढून चिकटवलेली चालत नाही. का, तर मुलं एकमेकांची कॉपी करतात. हाताने काढलं की म्हणे कॉपी होत नाही! हे ज्याने ठरवलं त्याला एकदा समोर बसवून विचारायचं आहे मला, बाबा रे, तू शाळेत कधी गेला होतास का?

प्रत्येक प्रॅक्टिकलखाली सरांची सही लागते. सगळ्या सह्या झाल्या की विभागप्रमुख मॅडम पहिल्या पानावरच्या सर्टिफिकेटवर सही करतात. ते सर्टिफिकेट नसेल तर हॉल तिकीट नाही, आणि हॉल तिकीट नाही तर परीक्षा नाही. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर माझ्या मुलीची एकच सही राहिली होती. डेटाबेसच्या प्रॅक्टिकलची.

तिने ते पान माझ्यापुढे धरलं. डाव्या पानावर लाल पेनने आडवी फुली आणि खाली शेरा, आउटपुट चूक, पुन्हा काढा. प्रश्न साधा होता. एका वर्गाच्या मार्कांचा तक्ता दिलेला. त्यातून साठपेक्षा जास्त मार्क मिळालेल्यांची यादी काढायची. माझ्या मुलीच्या यादीत तीन नावं होती. सरांचं म्हणणं, चार हवीत.

मी अंधेरीला एका विमा कंपनीच्या ऑफिसात बसते. दिवसभर अशाच याद्या काढते. चुकून एक जरी माणूस जास्तीचा यादीत घुसला तरी ओरडा मला बसतो. म्हणून मी तिला म्हटलं, चालवून दाखव. तिने लॅपटॉपवर चालवलं. तीन नावं. पुन्हा चालवलं. तीनच. तक्ता बघितला तर एका मुलाला बरोबर साठ मार्क होते. साठपेक्षा जास्त म्हटल्यावर साठवाला कसा येईल? पहिलीतलं पोरही सांगेल.

मग हा चौथा आला कुठून? मी घराजवळच्या केबिन रोडवरच्या गुजराती झेरॉक्सवाल्याकडे गेले. तिथे कॉलेजांची जुनी जर्नलं गठ्ठ्याने मिळतात, पोरं ती नेतात आणि उतरवतात. मी जरा चाळायला लागले तर तो म्हणाला, "बेन, यही ले जाओ, पूरा कॉलेज यही लिखता है।" घरी आणून ते प्रॅक्टिकल काढलं. चार नावं. तो साठवाला चौथ्या ओळीत ऐटीत बसलेला. कधी तरी कुणी तरी प्रोग्रॅम न चालवता, डोळे मिटून ते आउटपुट काढलं असणार, आणि तेव्हापासून सगळे त्याचीच री ओढतायत. पोरं उतरवतात, सर सही करतात. कॉम्प्युटर मात्र कुणी चालू करत नाही. कॉम्प्युटरच्या कोर्सला!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची एक मैत्रीण तारोडी गावाहून येते, ती तेव्हा घरीच होती. मला समजावायला लागली, "काकी, दुसऱ्याचं बघून छापून टाकायचं. कोन बघत न्हाय." नवऱ्याचं तेच, एक ओळ तर वाढवायची आहे, सही घे आणि विषय संपव. सगळ्यांनाच विषय संपवायची घाई. पोरगी तेवढी ते पान पुढ्यात ओढून बसली. मग हळूच म्हणाली, आई, मी चालवून बघितलंय गं, डोळ्यांनी बघितलेलं खोडू कसं? पहिल्या वर्षापासून प्रत्येक प्रॅक्टिकल आधी चालवून मग काढणारी ही बहुधा वर्गात एकटीच. वर्गातली पोरं त्यावरून तिची टर उडवायची. ते खोडायला लावतायत म्हटल्यावर मी गप्प बसणार होते थोडीच?

ती नको नको म्हणत होती, तू आलीस की सर माझ्यावर डूख धरतील म्हणत होती. तरी मी सुट्टी टाकली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि दोघी रिक्षाने काशीमीऱ्याला गेलो. कॉलेज तिथेच, हायवेवरून आत. सर स्टाफरूममध्ये होते. सर कसले, कालपरवाचा पोरगा, तासावर शिकवायला ठेवलेला. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, चालवा. त्यांनी चालवलं. तीन नावं आली. त्यांनी दाराकडे एक नजर टाकली. मग आवाज खाली आणून म्हणाले की मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण परीक्षेला बाहेरून सर येतात, ते सगळ्यांचं आउटपुट एकमेकांशी ताडून बघतात, हिचं वेगळं दिसलं तर प्रश्न मला येईल. वर हेही सांगितलं की ते इथेच शिकले आणि त्यांनीही चारच नावं काढली होती. हे सांगताना लाज वाटावी ना माणसाला? यांना कौतुक वाटत होतं.

मी म्हटलं, तुमच्याशी बोलून डोंबल उपयोग नाही, मोठ्या मॅडमना भेटू द्या. विभागप्रमुख मॅडमनी मला बसवलं, चहा मागवला. लॅपटॉप बघायची त्यांना गरजच वाटली नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि इतक्या गोड आवाजात बोलल्या की अजून आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

"तुमच्या मुलीचं बरोबर असेलही. पण तिचं बरोबर धरलं तर बाकी सगळ्यांचं चूक धरावं लागेल. परीक्षेच्या तोंडावर ते कुठे करत बसू?"

"मग धरा ना चूक," मी म्हटलं. "चुकलंच आहे त्यांचं."

त्या हसल्या. मग मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की तुम्ही इथे कॉम्प्युटर शिकवता की चित्रकला, असं विचारलं, आणि बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. मॅडमचा आवाज काही चढला नाही. हॉल तिकिटं उद्यापर्यंतच आहेत, एका ओळीसाठी मुलीचं वर्ष घालवायचं का ते तुम्हीच ठरवा, एवढं बोलून त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

बाहेर आले तर पोरगी खिडकीच्या कट्ट्यावर जर्नल ठेवून वाकलेली. माझा आवाज तिने भिंतीआडून ऐकला होता. खोडरबरने तिने सगळी चौकट पुसून काढली होती, नवीन आखली होती आणि चौथी ओळ लिहीत होती. मी म्हटलं, थांब, मी वर जाईन, प्रिन्सिपलना भेटेन. ती मान वर न करता म्हणाली, बस झालं आई. सर स्टाफरूमच्या दारातच उभे होते. तिने पान पुढे केलं, त्यांनी न बघता सही केली. मला त्या माणसाच्या हातातलं पेन हिसकावून घ्यावंसं वाटलं. 

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. घरी आले तर ही ताटावर बसलेली, आमटीभात कालवून ठेवलेला, पण हातातला घास काही तोंडात जात नव्हता. विचारल्यावर तुटक तुटक सांगायला लागली.

परीक्षेला चिठ्ठी उचलायची असते. चिठ्ठीत येईल तो प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचा. हिच्या चिठ्ठीत नेमकं तेच आलं. हिने चटकन लिहिलं, चालवलं, तीन नावं आली. आणि यंदा बाहेरून आलेले सर निघाले खरेखुरे बघणारे. म्हातारेसे होते, म्हणाली, प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. म्हणजे चालवून बघणारा जो माणूस मी त्या स्टाफरूममध्ये शोधत होते, तोच हा. त्यांनी स्क्रीन बघितला, छान म्हणाले. मग जर्नलमधलं तेच प्रॅक्टिकल उघडलं. डाव्या पानावर चार नावं. त्यांनी एकदा पानाकडे बघितलं, एकदा हिच्याकडे, आणि विचारलं, हे तू चालवून काढलंस की कुठून उतरवलंस?

आमचे तासावरचे सर हिच्या बाजूलाच उभे होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

हिने सांगितलं, उतरवलं सर. मग त्या म्हाताऱ्या सरांनी सगळ्या लॅबसमोर हिला ऐकवलं. तुला येतंय तरी चोरी करतेस, ज्याला येत नाही त्याने केली तर मी समजू शकतो, असं काय काय. जर्नलचे सगळे मार्क कापले. बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांत दुसरे प्रोग्रॅम होते, त्यांचं हे पान उघडायचं काही कारणच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी तिच्यावरच ओरडले. तोंड शिवलं होतं का तुझं? आधी बरोबर काढलं होतं, या सरांनी खोडायला लावलं, हे सांगता नाही आलं? ते समोर उभे होते ना, बोट दाखवायचं होतंस!

तिने हातातला घास ताटात ठेवला.

"काय सांगू आई? उतरवलंच होतं ना मी."