वेटिंग नंबर सदतीस

२०१३च्या दुष्काळात, फेब्रुवारीत, आमच्या सेवा सोसायटीनं नांदूरघाटच्या अलीकडे माळावर जनावरांची छावणी उघडली, तेव्हा यादी सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालेलो. अक्षर बरं, वेळ रिकामा. चेअरमन सुंदरराव म्हणाले, "राधाकिशन गुरुजी, तुमच्यावर कुणी संशय घेणार न्हाई. तुमीच बसा."

सरकारकडनं पाचशे जनावरांची मंजुरी होती. ती चार दिवसांत भरली. त्यानंतर येईल त्याच्या हातात मी एक चिठ्ठी ठेवायचो. तिच्यावर नंबर, आणि नंबराच्या आधी एक शब्द. वेटिंग.

केसरबाई आठव्या दिवशी आल्या. साठीच्या घरातली बाई, डोंगरातल्या वस्तीवरनं सोळा किलोमीटर चालत आलेली. मागं दोन दावी. एकाला कपिली नावाची गाय, पाच महिन्यांची गाभण. दुसऱ्याला चांद्या, म्हातारा बैल. त्याच्या बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. नवरा वारून आठ वर्षं झालेली. मुलगा रामहरी आणि सून ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. वस्तीवरची विहीर संक्रांतीलाच आटली होती.

मी चिठ्ठी दिली. वेटिंग, सदतीस.

"मंग कधी येऊ?"

"जागा झाली की. तुम्ही घरी जा, मी निरोप धाडतो."

त्यांनी चांद्याकडं पाहिलं. "गुर्जी, ह्यो आता माघारी चालत जाईल असं वाटतं का तुमाला?"

मी पुढच्या माणसाची चिठ्ठी लिहायला घेतली. त्या फाटकाबाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसल्या, आणि तिथंच राहिल्या.

उसाचे ट्रॅक्टर छावणीत शिरताना खड्ड्यात आदळायचे. उसाच्या शेंड्यांची चार वाढी खाली पडायची. केसरबाई ती पळत जाऊन उचलायच्या, पानं गाईला द्यायच्या, कोवळा बुडखा बैलाच्या तोंडात धरायच्या. आतल्या बायका कुंपणावरनं भाकरी द्यायच्या. टँकर आला की त्या पायपाखाली घमेलं लावून गळतीचं पाणी धरायच्या. मी बघायचो आणि मान दुसरीकडं वळवायचो. तेवढंच माझ्या हातात होतं.

एका सकाळी मी सुंदररावांना गाठलं. "दोन जनावरं आहेत चेअरमन. घेऊ या."

"मोजणीवाले कधीबी येतात, गुरुजी. एक शिंग जास्त निघालं तर मंजुरी जाईल. मग पाचशे जनावरं रस्त्यावर. ती कुठं नेऊ मी?"

सुंदरराव वाईट माणूस नव्हते. स्वतःचे चार बैल त्यांनी छावणीत न घालता सासुरवाडीला धाडले होते. त्यामुळं त्यांच्याशी भांडायचीही सोय राहिली नाही.

दोनेक आठवड्यांनी केसरबाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात ती चिठ्ठी, घामानं मऊ झालेली.

"गुर्जी, ह्या वेटिंगचा अर्थ काय वो? मला वाटलं, वाटंवर बसायचं म्हणून वाटिंग. तुमी लिव्हताना कान्याच्या जागी मात्रा दिली आसंल."

बाजूचे दोघं हसले. मी मात्र हसू शकलो नाही. तीस वर्षं हा शब्द मी मुलांकडनं घोकून घेतला होता. वेट म्हणजे वाट पाहणे, पुढं चला. तो आला कुठनं, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही कधी प्रश्न पडला नव्हता.

घरी जाऊन ट्रंकेतला जाडजूड इंग्रजी कोश काढला. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत लिंबाखाली जाऊन बसलो.

"केसरबाई, तुमचा वाट आणि त्यांचा वेट, यांचं नातं नाही. नुसता आवाज सारखा. पण गंमत अशी, की तो शब्द फ्रान्सकडनं इंग्रजीत आला, आणि त्याच्याही आधी तो जर्मन लोकांच्या जुन्या भाषेत होता. तेव्हा त्याचा अर्थ थांबणं असा नव्हताच. नजर ठेवणं, जागं राहणं, पहारा करणं असा होता. जागं होण्याला इंग्रजीत वेक म्हणतात, तोही त्याच मुळाचा."

"म्हंजी राखण?"

"राखणच. गावाच्या वेशीवर पहारेकरी असायचा ना, त्यालाच वेट म्हणायचे. हॉटेलात वेटर म्हणतो, तोही आधी पहारेकरीच. मग मालकाच्या हुकमासाठी उभा राहणारा नोकर झाला, मग ताट आणणारा. शत्रूवर दबा धरून बसण्यालाही हाच शब्द. नुसतं थांबून राहणं, हा अर्थ मागाहून चिकटला."

त्या कपिलीच्या पाठीवरच्या गोचिड्या काढत ऐकत होत्या. "आपल्यातबी वाट बघतातच की. बघायचं कामच हाय ते." मग म्हणाल्या, "पण गुर्जी, राखणदाराच्या हातात काठी आसती. त्यानं हाळी दिली तर गाव उठतं. मी हाळी दिली तर कोण उठंल?"

मी कोश मिटला. त्या बाईला पेंडीची एक पाटी हवी होती, आणि मी शब्दाचं मूळ घेऊन आलो होतो. त्याची लाज वाटली.

नंबर पुढं सरकत होते, पण त्याची कारणं वाईट होती. कुणी कंटाळून जनावर बाजारात नेलं, कुणाचं आत मेलं. मार्चच्या मध्यावर सदतिसाची पाळी आली. जागा मात्र एकच झाली होती.

मी चिठ्ठी मागितली. "गाय घाला आत. गाभण आहे. दोन जीव वाचतील."

आतल्या दगडाबाई, टँकरवाला सटवा, स्वतः सुंदरराव, सगळ्यांनी तेच सांगितलं. केसरबाईंनी चांद्याचं दावं सोडलं आणि त्याला घेऊन त्या फाटकाकडं निघाल्या.

"अहो, चुकताय तुम्ही," मी म्हणालो.

"न्हाई गुर्जी. गाईला कुणीबी नेईल. तिच्या पोटात वासरू हाय, उद्या दूध हाय. ह्याला कोण नेईल? चौदा वर्स ह्यानं आमचं रान नांगरलं. ह्याला दारात उभं करणारी मी एकलीच."

त्याच दुपारी त्यांनी माझ्या मोबाईलवरनं दिंद्रुडला बहिणीला, भिवराबाईला, फोन लावला. तिच्या बोअरला पाणी टिकून होतं. ती हो म्हणाली. सटवाचा चुलतभाऊ टेम्पो घेऊन त्या बाजूला निघाला होता, त्यात कपिलीला चढवलं. गाय वर पाय टाकेना. केसरबाईंनी तिची मान पोटाशी धरली, कानात काहीतरी बोलल्या, तेव्हा ती चढली. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत हंबरणं ऐकू येत होतं.

चांद्या छावणीत सावरला. पेंड आणि ऊस खाऊन त्याच्या कातडीवर थोडं तेज आलं. केसरबाई त्याच्या शेजारीच पोतं टाकून राहायच्या, शेण उचलायच्या, शेजारच्या चार जनावरांनाही पाणी पाजायच्या. एप्रिलच्या अखेरीला दिंद्रुडहून फोन आला. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्या "बरं" म्हणाल्या, पुन्हा "बरं" म्हणाल्या, आणि फोन परत केला.

"बोअर आटलं," त्या म्हणाल्या. "गाय इकली तिनं. तरी काय करंल ती? तिची लेकरं घागर घिऊन दोन कोस जातेत."

"कुणाला विकली?"

"इचारलं न्हाई."

मी त्या दिवशी सुंदररावांकडं पुन्हा गेलो. का गेलो ते मलाही माहीत नव्हतं. आता मागायचं तरी काय होतं? ते म्हणाले, "गुरुजी, बसा," आणि चहा मागवला. तो पिऊन मी पुन्हा यादीवर बसलो.

जुलैत पाऊस झाला, छावणी उठली. चांद्या स्वतःच्या पायांनी चालत वस्तीवर गेला. केसरबाई जाताना मला एवढंच म्हणाल्या, "गुर्जी, रानाला पेरणीचं तास घालायला ह्यो पुरंल आता."

तो पुरला नाही. दिवाळीच्या आधी मी मुद्दाम त्यांच्या वस्तीवर गेलो. पोळ्यानंतर आठच दिवसांत बैल बसला तो उठलाच नाही, असं रामहरीनं सांगितलं. बांधाकडच्या ओल्या मातीच्या ढिगाकडं त्यानं हात केला. गाय गेली म्हणून आईवर त्याचा राग असावा, पण तो बोलून दाखवत नव्हता.

दारात ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर उभा होता. भांडी, सरपण, ताडपत्री, कोयते भरणं चाललं होतं. केसरबाई डोक्याला पदर घट्ट बांधून पिठाची गोणी वर देत होत्या.

"तुम्हीपण?" मी विचारलं.

"हिथं आता काय बांधलंय, म्हणून थांबू? फडावरच्या कोपीत बसून नात संभाळीन. जमलं तर उसाच्या मोळ्या बांधीन."

या वयात जाऊ नका म्हणावं, तर राहा म्हणायला त्यांच्या घरात काय होतं? त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं. मी प्यालो. मग सुनेनं हात दिला, त्या ट्रॉलीत चढल्या, नातीला मांडीत घेतलं आणि ट्रॅक्टर केजच्या रस्त्याला लागला.