जावयाची मासोळी

माझ्या सासऱ्यांइतका सज्जन माणूस मी पाहिला नाही. आणि त्यांच्या सज्जनपणाचा मला एकदा जेवढा राग आला, तेवढा आजवर कुणाच्या दुष्टपणाचाही आलेला नाही.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी गोंदियाला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो. इंग्रजांमागोमाग आमचा साहेबही विलायतेला गेला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानातून मासे धरायची एक काठी माझ्या पदरात पडली. बारीक, लवलवती काठी, दोऱ्याची चकरी आणि डबीभर नकली माश्या. कोंबड्याच्या पिसांना रंगीत दोरा गुंडाळलेला आणि पोटाखाली गळ. ही माशी पाण्यावर नाचवायची की मासा फसतो म्हणे. निदान साहेबाचे तरी फसत असत. मी घरामागच्या अंगणात सराव करून शेजारणीचं वाळत घातलेलं लुगडं धरलं होतं.

एवढ्या भांडवलावर मी अर्जुनी मोरगावकडच्या सासुरवाडीत भर पंगतीत जाहीर केलं, की डोंगरावरच्या बोडीतून मी मासे आणतो. बोडी म्हणजे छोटा तलाव, तोही सासऱ्यांच्या आज्याने बांधलेला. त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही पाण्यातलं माझ्याहून जास्त कळत होतं. बायकोच्या वहिन्या पदराआड हसल्या. हातावर पाणी घालताना बायको दबक्या आवाजात म्हणाली, "बोलले तं आना आता. एक तरी आना, पन आपल्या हातानं. नाई तं ह्या वहिन्या मले जगू देनार नाई."

सकाळी निघालो. पाठीला बांधायची पट्ट्यांची पिशवी मी खास शिंप्याकडून शिवून घेतली होती, पण जावयाने ओझं उचलायचं म्हणजे घराण्याची अब्रू गेली. सासऱ्यांनी पिशवी उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतली. धाकट्या मेहुण्याने काठी घेतली. माझ्या हातात उरला रुमाल. चढावर थोरला मेहुणा मला मागून ढकलू लागला.

"काऊन ढकलून राहिले?" मी ओरडलो.

"तुमी थकाल ना जी!"

वर पोचलो. चहूकडे सागाचं रान आणि मधे शांत, हिरवं पाणी. मी ऐटीत डबी उघडली. आत नुसते गळ. घासूनपुसून चकचकीत, पण पीस औषधालाही नाही.

"मामाजी, यातल्या माश्या कुठे गेल्या?"

"तेच्यात कोंबडीचे पिसं अटकले होते जी," सासरे मायेने म्हणाले. "पहाटे सारे उपटून टाकलो. राखेनं घासलो पन. तुमच्यासाठी गांडूळ आनलो, मोठे मोठे."

मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात आठवलं, एक माशी मी साहेबासारखी टोपीत खोवली होती. ती दोऱ्याला बांधली. पहिल्या फेकीला सासऱ्यांचं पागोटं धरलं. ते पाण्याकडे निघालं तरी सासरे म्हणतात, "छान फेकता जी!" दुसऱ्या फेकीला पळसाची फांदी धरली. मेहुणा झाडावर चढून माशी सोडवून आला. पुढच्या किती फेकी वाया गेल्या देव जाणे, पण अखेर माशी पाण्यावर अलगद पडली, बुडबुडा आला आणि दोरा ताणला!

त्याबरोबर दोन्ही मेहुणे धावले. "तुमी बसा जी, आमी ओढतो!" एकाने काठी धरली, दुसऱ्याने मला कमरेला धरून खाली बसवायला घेतलं.

"सोडा!" मी असा खेकसलो की दोघेही दोन पावलं मागे सरले. सासुरवाडीत जावई खेकसला तर दिवसभर कुणी जेवत नाही, पण मला शुद्ध नव्हती. घोटाभर चिखलात उभा राहून मी एकट्याने ओढली. माझ्या करंगळीएवढी मासोळी होती.

सासऱ्यांनी ती तळहातावर घेऊन निरखली. "मोठी आहे जी," ते म्हणाले.

संध्याकाळी माझ्या ताटात रोहूच्या जाडजूड तुकड्यांचा रस्सा आला. सासऱ्यांनी मला न सांगता गावतलावातून मासे मागवले होते. "जवाईबापूंनी धरले, पोटभर खा," ते पंगतीला सांगत होते आणि अख्खी पंगत गंभीरपणे माना हलवत होती. वहिन्यांना तर माझं कौतुक करता करता हसू दाबून उचक्या लागल्या होत्या. माझे कान तापले. आता बायकोला वर्षभर ऐकावं लागणार, या विचाराने मी तुकडे नुसते चिवडत बसलो. चिखलात उभं राहून ओढलेली ती एवढीशी मासोळी मांजराने नेली असणार, हे मी धरूनच चाललो होतो.

बायको हातावर पाणी घालायला आली.

"माझी कुठे आहे?" मी विचारलं.

"मी खाल्ली. चुलीत भाजून, साऱ्या वहिन्यांसमोर."

"कशी होती?"

"काटाच काटा," ती म्हणाली. "मांगत होत्या साऱ्या जनी. कोनाले देल्ली नाई."